लढाई संपल्यावर

'प्री-वॉर बांधकाम आहे मॅडम,' बागवान जिना चढता चढता म्हणतो,
'असल्या भिंती आता कोण बांधतंय?'
शिवलीला हत्तुरे, सिव्हिलमध्ये स्टाफ नर्स,
रात्रपाळी संपवून थेट आलेली,
विचारते, 'कुठल्या वॉरच्या आधीचं?'
बागवान माझ्याकडे बघतो.
मी सोसायटीचा मानद सेक्रेटरी.
नऊ घरांच्या चाव्या आणि एक हजेरीवही,
एवढाच माझा अधिकार.

चार नंबर. पहिला मजला. पूर्वेला दोन खिडक्या,
त्यातून गिरणीची चिमणी दिसते, धूर सोडून सगळी.
शहाबादी फरशी, ओट्यापुढं तेवढी खोलगट.
मालक अंबादास येमूल मुलाकडे सुरतेला गेले.
जाताना वीजबिल भरलं,
भिंतीवरचं घड्याळ मात्र ठेवून गेले.
'खिळा काढला तर गिलावा खाली येतो की ओ,' म्हणाले.

ती भिंतीवर दोन बोटं वाजवून बघते,
पेशंटची पाठ बघावी तशी.
'मे महिन्यात?'
'बाहेर चव्वेचाळीस असलं तरी आत माणूस जेवू शकतो.'
'गळतं?'
'मोरीत. थोडं.'
बागवान खोकतो.

उतरताना तिचा हात कठड्यावर जातो.
'गेट लोखंडी, खिडक्या लोखंडी. हा एकटाच लाकडाचा कसा?'
'तात्पुरता आहे.'
'कधीपासून?'

मग मला कपाट उघडावं लागलं.
वहीची पानं चहाच्या रंगाची, शाई त्याहून फिकी.

दि. १४ फेब्रुवारी १९४२. ठराव क्र. ११.
बाजारात लोखंड मिळत नसल्याकारणाने
जिन्यास पक्का कठडा लढाई संपल्यावर बसवावा.
तोपावेतो मोडक्या मागाच्या लाकडाचा करून घ्यावा.
खर्च रुपये सात, आणे दोन. सर्वानुमते मंजूर.

खाली सह्या: दोन तेलुगूत, एक कानडीत,
एक मोडीत, आणि एक अंगठा.

लढाई संपली.
सोसायटीला तसं लेखी कुणी कळवलं नाही.
पुढं भोंगा बंद झाला, त्याचंही पत्र आलं नाही.
कठडा राहिला.
त्याला जॉबरांच्या हातांचं तेल लागलं, विड्या वळणाऱ्यांची तंबाखू,
घसरत उतरणाऱ्या पोरांच्या चड्ड्या;
येमूलांची आई शेवटची बारा वर्षं
एकाच डाव्या हातानं उतरायची, तेवढी बाजू जास्त गुळगुळीत.

'म्हणजे हा ठराव अजून चालू आहे?'
'रद्द केल्याची नोंद नाही.'
ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा असावी.

त्याच कपाटात, वहीखाली, बिल्डरचं पत्र आहे.
पाडून सात मजले. लिफ्ट. पार्किंग.
चार सह्या बाजूनं, चार विरुद्ध.
चार नंबरपुढची जागा कोरी.
ते मी बाहेर काढलं नाही.
मग काढलं.
नर्सपुढं किती वेळ काखेत दडवणार?
तिनं उभ्यानं वाचलं, घडी होती तशीच घातली,
आणि या गावात घर घेणारा प्रत्येक जण
शेवटी विचारतो तेच विचारलं:
'पाणी?'
'पाच दिवसांआड. पहाटे तीनला.'
'तेव्हा मी वॉर्डात असते.'
'येमूलांची टाकी मीच भरायचो,' मी म्हणालो,
आणि बागवाननं माझ्याकडे असं बघितलं
जणू त्याचं अर्धं कमिशन मी मागितलं.

हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही.
बागवाननं खाली गाडी सुरू केली.
तिसऱ्या पायरीवर ती थांबली, अंगठा चाचपला:
'इथं खिळा वर आलाय. कुणाला तरी लागेल.
धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं मग.'

ती गेल्यावर अंगणातला दगड घेऊन आलो.
तीन घाव. बसला.
तात्पुरता.